विक्रियाबंधित सिलिकॉन कार्बाइड

सच्छिद्र कार्बनच्या सांगाड्यात वितळलेले सिलिकॉन जिरवून बनवलेले घट्ट सिरॅमिक. आत शिरलेल्या सिलिकॉनचा कार्बनशी संयोग होऊन सिलिकॉन कार्बाइड तयार होते आणि उरलेल्या फटी मोकळे सिलिकॉन भरून काढते. पंपाच्या मेकॅनिकल सीलच्या (फिरत्या दांड्यापाशी गळती रोखणाऱ्या जोडाच्या) रिंगा, बर्नरचे नोझल, भट्टीतल्या आडव्या तुळया या पदार्थाच्या असतात. पावडर दाबून भाजलेले सिरॅमिक भट्टीत बरेच आटते. इथे बाहेरचे माप साधारण १ टक्काही हलत नाही.

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव भागातल्या फाउंड्र्यांत १४०० ते १५०० °से. रोजचेच, तेव्हा सिलिकॉनचा १४१४ °से. हा वितळणबिंदू तिथे कोणाला दचकवणार नाही. अडचण तापमानाची नाही, हवेची आहे. थोडा जरी ऑक्सिजन राहिला तरी सिलिकॉनवर सिलिकाची साय धरते आणि ते कार्बनला ओलावत नाही, म्हणजे त्यावर पसरत नाही. म्हणून निर्वात किंवा आर्गॉनची भट्टी लागते.

सगळे गणित सांगाड्याच्या घनतेवर आहे. कार्बनचे कार्बाइड होताना घन भागाचे आकारमान दुपटीहून जास्त वाढते. सांगाडा ०.९६ ग्रॅम/घ.सेंमी.पेक्षा दाट असेल तर सगळ्या कार्बनचे कार्बाइड मावायला जागाच नसते. व्यवहारात ०.८० ते ०.८५ धरावे. ०.८० घनतेच्या १०० घ.सेंमी. भागात कार्बन ८० ग्रॅम. त्याला विक्रियेसाठी १८७ ग्रॅम आणि फटींसाठी सुमारे ४३ ग्रॅम सिलिकॉन लागते. थोडे जास्त, २४५ ग्रॅमपर्यंत ठेवतात. तयार भागात आकारमानाने कार्बाइड सुमारे ८३ टक्के, बाकी सिलिकॉन, घनता ३.०६ च्या आसपास. मोकळे सिलिकॉन कमी करण्याच्या हव्यासापायी सांगाडा दाट केला की भाग हमखास बिघडतो.

सांगाड्यासाठी फर्फ्युरिल अल्कोहोल, ग्लायकॉल आणि सल्फॉनिक आम्ल वापरता येते. नो-बेक, म्हणजे न भाजता घट्ट होणारी वाळू वापरणाऱ्या फाउंड्रीत फ्युरान रेझिन (फर्फ्युरिल अल्कोहोलपासूनचे) आणि आम्ल ओळखीचे असतात, पण वाळूसाठीच्या रेझिनमध्ये बहुधा युरिया असतो. ते इथे नको. आम्ल आधी ग्लायकॉलमध्ये विरघळवून, थंड ठेवून, थोडे थोडे घालावे. थेट ओतले तर मिश्रण उसळते, स्फोटही होतो. घट्ट झाल्यावर नायट्रोजनमध्ये मिनिटाला १ °से. किंवा त्याहून सावकाश तापवून कार्बन करतात. या टप्प्यावर लांबी-रुंदी बरीच आटते, म्हणून अंतिम माप यानंतर लेथवर काढायचे. कार्बन सहज कापला जातो, कार्बाइड झाल्यावर हिऱ्याच्या चाकाशिवाय इलाज नाही. बाजारातल्या बऱ्याच मालात मात्र कार्बाइडची भुकटी आणि कार्बन एकत्र करून सांगाडा करतात. उष्णता कमी सुटते, तडेही कमी.

ग्राफाइटच्या पात्राला बोरॉन नायट्राइडचा लेप देतात, नाहीतर भाग पात्रालाच चिकटतो. सिलिकॉनचे तुकडे भागाखाली ठेवून १४५० ते १५५० °से.पर्यंत नेले की दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे ते वर चढते. पातळपणात ते पाण्याच्या जवळपास असते. तापमान त्याहून वर नेले तर निर्वातात सिलिकॉन वाफ होऊन भट्टीच्या ग्राफाइटच्या तापकांवर जाऊन बसते.

छिद्रे फार बारीक असली की तोंडाशीच कार्बाइड तयार होऊन वाट बुजते. असा भाग कापला की कडा करडी, चकचकीत आणि मधोमध कागदावर रेघ उठवणारा मऊ काळा कार्बन दिसतो. विक्रियेच्या उष्णतेने तडा गेला तर तो सिलिकॉनने भरतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली पांढरी शीर दिसते. गोठताना सिलिकॉन फुगते, म्हणून पृष्ठभागावर मण्यांसारखे थेंब फुटून येतात. तेवढे चालते, सँड ब्लास्टिंगने निघतात. १४१४ °से. ओलांडताना मात्र घाईने गार करू नये. जाड भाग फुटतो.

मोकळ्या सिलिकॉनमुळे वापराची मर्यादा १३५० °से.च्या आसपास येते. गरम कॉस्टिक सोडाही तेच सिलिकॉन खातो. साखर कारखान्यात बाष्पीभवन पात्रे ज्या कॉस्टिकने धुतात, त्याच्या पंपाला या पदार्थाची सील रिंग न बसवता मोकळे सिलिकॉन नसलेली, भाजून घट्ट केलेली कार्बाइडची रिंग बसवावी.