एमजीबी रोडस्टरची दारे आणि काचा : गाडी आमच्याकडे सोपवण्यापूर्वी

“काच नीट लागत नाही, तेवढी बसवून द्या,” असे सांगत येणाऱ्या एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या मालकांना आम्ही बहुधा लगेच होकार देत नाही. काच दारात असते, दार बिजागऱ्यांवर असते आणि बिजागऱ्या गाडीच्या सांगाड्यावर. सांगाडा वाकलेला असताना काचेवर कितीही मेहनत घेतली, तरी ती टिकत नाही. त्यामुळे काम कोणत्या क्रमाने होते आणि वेळ का लागतो, हे आपल्याला आधीच माहीत असलेले बरे.

एमजीबी 1962 ते 1980 या काळात इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे तयार होत असे. तिला वेगळी चासी (बॉडीखालची स्वतंत्र चौकट) नाही, आणि रोडस्टरला, म्हणजे तिच्या उघड्या टपाच्या प्रकाराला, पत्र्याच्या छताचाही आधार नसल्यामुळे दारांखालच्या सिलवर (गाडीच्या लांबीने जाणाऱ्या पत्र्याच्या पेटीसारख्या पट्टीवर) मोठा भार येतो. हे सिल पत्र्यांच्या थरांचे असते. बाहेरचा पत्रा रंगवून चकचकीत केलेला असला, तरी आतला गंजून चाळण झालेला असू शकतो. सिल कमजोर झाले की गाडी मधोमध खचते, दाराच्या मागच्या कडेची फट वर आवळते आणि खाली रुंदावते. दार बसेनासे होण्याचे दुसरे, बरेच स्वस्तातले कारण म्हणजे बिजागरीची झिजलेली पिन. दोन्हींतला फरक आपण घरीही पाहू शकता. दार अर्धे उघडून मागच्या टोकाशी हाताने वर उचलावे. बिजागरीत खडखड जाणवली, तर दोष तिथे आहे. तसा झोल नसेल, पण जमिनीवर सहज उघडणारे दार गाडी जॅकवर घेताच अडकत असेल, तर सिलची तपासणी केल्याशिवाय आम्ही पुढचे काम घेत नाही. (जॅकवरच्या गाडीखाली कोणी जाऊ नये, हे वेगळे सांगायला नकोच.) सिल कापायचे झाल्यास आधी दाराच्या चौकटीत लोखंडी आडवे टेकू वेल्ड करून घेतो, कारण टेकूशिवाय कापलेल्या गाडीचे दार नंतर कोणत्याही बिजागरीने जुळवता येत नाही.

जुळवणी करताना गाडी सपाट जमिनीवर, स्वतःच्या चाकांवर आणि इंजिनासह उभी असावी लागते. सर्वांत आधी आम्ही खांबावरचा स्ट्रायकर, म्हणजे दाराची कडी (लॅच) ज्यात अडकते तो भाग, काढून ठेवतो. दार वर उचलून धरणे हे स्ट्रायकरचे काम नव्हे. तरीही उतरलेले दार त्याच्यावर रेटून बंद केलेल्या गाड्या नेहमी पाहायला मिळतात, आणि अशा दाराचे लॅच फार काळ टिकत नाही. स्ट्रायकर नसताना बिजागऱ्यांचे स्क्रू सैल करून आणि गरजेप्रमाणे शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) घालून फट चहूबाजूंनी 4 ते 5 मिलीमीटरच्या आसपास आणतो. दाराची पुढची कड शेजारच्या पत्र्यापेक्षा किंचित आत ठेवतो, म्हणजे वेगात वारा तिच्यात अडकून शिट्टी वाजत नाही. हे सगळे रंगकामापूर्वी व्हायला हवे. रंग झाल्यावर बिजागरी हलवली की टवके उडतात.

काचेचे काम यानंतर. पुढच्या लहान त्रिकोणी काचेची चौकट दाराच्या आत खाली उतरते आणि मोठ्या काचेची पुढची चॅनलही (काच जिच्यात वरखाली सरकते ती खाच) तिलाच जोडलेली असते. त्यामुळे ही चौकट कलली की मोठी काचही कलते. चौकट समोरच्या काचेच्या ॲल्युमिनियमच्या खांबाला समांतर उभी राहिली पाहिजे. समोरची काच पूर्वी काढून पुन्हा बसवताना तिचा कल बदलला असेल, तर दोष तिथे असतो आणि खापर मात्र दाराच्या काचेवर फुटते. नंतर मागची चॅनल जुळवून काच वरखाली एकसारखी फिरते का ते पाहतो, आणि कापडी छत चढवून काचेची वरची कड त्याच्या रबराला लागते का, याची खात्री करतो. दाराचे रबर तपासायला कागदाची पट्टी पुरते: ती मध्ये ठेवून दार लावावे आणि ओढावी. ती सगळीकडे सारख्या जोराने निघाली, की काम जमले.

पावसाळ्यात आत पाणी आले म्हणजे काचच चुकली, असे नाही. काचेवरून ओघळणारे थोडे पाणी दारात जातेच आणि तळाच्या भोकांवाटे बाहेर पडते. ती भोके रंगाने किंवा पुट्टीने बुजली, अथवा आतल्या अस्तरामागचा प्लास्टिकचा कागद कोणी काढून टाकला, की गालिचा भिजतो.

नवे रबर सुरुवातीला कडक असते, त्यामुळे पहिले काही आठवडे दार जरा जोराने लावावे लागेल. त्यासाठी स्ट्रायकर बाहेर सरकवून घेऊ नये. रबर दबल्यावर गाडी आणावी, शेवटची जुळवणी आम्ही तेव्हाच करतो. गाडी सोपवताना जुने शिम, स्क्रू आणि चॅनलचे तुकडे पिशवीत घालून सोबत द्यावेत, कारण कोणत्या बिजागरीखाली किती जाडीचा शिम होता, यावरून गाडीचा आधीचा इतिहास बराच कळतो.