धुराचं परमिट विकायला चालेल, पण आधी मीटर बसवा

प्रदूषण करायची परमिटं बाजारात विकली जातात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझं डोकंच फिरलं होतं, म्हणजे खिशात पैसे असले की खुशाल धूर सोडा? पण मग हिशोब मांडून बघितला.

समजा दोन कारखाने आहेत, दोघंही वर्षाला 100-100 टन सल्फर डायऑक्साइड सोडतात आणि सरकारला एकूण 200 चे 100 करायचेत. सरळ नियम लावला तर दोघांनी 50-50 टन कमी करायचे. आता पहिल्याला एक टन कमी करायला 200 डॉलर लागतात, दुसऱ्याची मशिनरी जुनाट, त्याला लागतात 1000, म्हणजे एकूण खर्च 60,000. त्याऐवजी दोघांना 50-50 परमिटं द्या, एक परमिट म्हणजे एक टन, आणि सांगा की आपापसात काय ते बघून घ्या. पहिला 80 टन कमी करतो, उरलेली 30 परमिटं 500 च्या भावाने दुसऱ्याला विकतो, दुसरा फक्त 20 टनच कमी करतो. धूर तेवढाच घटला, खर्च आला 36,000 आणि दोघंही फायद्यात!

अमेरिकेने ॲसिड रेन (याच सल्फर डायऑक्साइडमुळे पडणारा आम्लाचा पाऊस) रोखण्यासाठी हेच केलं. 1990 मध्ये कायदा बदलला, 1995 ला 110 मोठ्या वीज प्रकल्पांपासून सुरुवात, 2000 पासून जवळपास सगळेच आत. गंमत अशी की सगळ्यांना वाटत होतं आता स्क्रबर लावावे लागणार (म्हणजे धुरावर चुनखडीच्या पाण्याचा फवारा मारून गंधक पकडणारं ते अवाढव्य धूड), पण बऱ्याच कंपन्यांनी सरळ पश्चिमेकडच्या वायोमिंग राज्यातला कमी गंधकाचा कोळसा मागवला, कारण 1980 मध्ये रेल्वेवरचे निर्बंध सैल झाल्यापासून वाहतूक स्वस्त झाली होती. त्यामुळे सगळं श्रेय बाजाराला देऊ नका, थोडं मालगाड्यांनाही द्या.

आणि खरी मेख वेगळीच आहे. धुराड्यांवर सतत चालणारे मीटर होते, वर्षाअखेर परमिट कमी पडलं तर टनामागे 2000 डॉलर दंड, वर पुढच्या वर्षाच्या कोट्यातूनही तेवढे टन कापणार. तेव्हा परमिटचा भाव साधारण 100-200 डॉलर, मग चोरी करतंय कोण? युरोपने 2005 मध्ये कार्बनचा बाजार काढला तेव्हा सुरुवातीला परमिटंच इतकी वाटली की 2007 मध्ये भाव जवळपास शून्यावर आला. मर्यादाच ढिली असेल तर बाजार काय करणार, कपाळ?

एक शंका मात्र उरतेच. कार्बन डायऑक्साइड कुठूनही सोडा, हवामानाला फरक सारखाच, पण सल्फरचं तसं नाही, देशभरात टन घटले तरी परमिटं विकत घेणाऱ्या धुराड्याच्या शेजारी राहणाऱ्याला त्याचं काय? म्हणून अमेरिकेत परमिटांचा ढीग असला तरी हवेच्या गुणवत्तेच्या बाकीच्या मर्यादा मोडायची मुभा कोणालाच नव्हती.