मीठ टाकलं, बर्फ वितळला, तरी आइस्क्रीम घट्ट कसं?

निकाल लागले, दप्तरं कोपऱ्यात पडली आणि इचलकरंजीची भाचरं आमच्या मंगळवार पेठेत दाखल झाली. पहिल्याच रविवारी माळ्यावरून आइस्क्रीमचा लाकडी पॉट खाली निघाला. गंगावेशीतून आणलेलं म्हशीचं दूध आटवून गार केलं, त्यात साखर आणि हापूसचा रस घातला. पोत्यात लादी घालून बत्त्यानं फोडली, बर्फावर खडेमीठ पसरलं. तेवढ्यात धाकटी ओरडली, "मामा, बर्फ वितळायलाय की! मग गार कसं व्हायचं?"

शेजारचे काका म्हणाले, "अगं, मिठानं बर्फ टिकतोय." साफ उलटं! मीठ बर्फ वितळवतं, आणि म्हणूनच गारवा वाढतो.

बर्फाच्या तुकड्यावर पाण्याचा पातळ थर असतो. 0 अंशाला बर्फातले जितके रेणू सुटून पाण्यात जातात, तितकेच पाण्यातून परत बर्फाला चिकटतात. या पाण्यात मीठ विरघळलं की सोडियम आणि क्लोराइडचे आयन मध्ये घुसतात. बर्फातून सुटणारे सुटतच राहतात, परतणारे मात्र कमी होतात. हिशेब बिघडतो, बर्फ वितळतो. पण वितळायला उष्णता लागते, आणि तीही थोडीथोडकी नाही: एका ग्रॅमला 334 जूल! एक ग्रॅम पाणी 80 अंशांवरून 0 वर आणताना जेवढी उष्णता काढावी लागेल, साधारण तेवढी. ती येणार कुठून? खुद्द बर्फातून, खाऱ्या पाण्यातून आणि मधल्या डब्यातल्या दुधातून. तापमान उतरत जातं तसे सुटणारे रेणूही मंदावतात आणि कुठेतरी खाली पुन्हा हिशेब जुळतो. पाण्यात वजनानं 23 टक्के मीठ झालं की उणे 21 अंशांचा तळ येतो. त्याखाली मिठाची मात्रा चालत नाही.

गंमत म्हणजे डब्याच्या आतही हाच कायदा. साखर विरघळलेलं दूध 0 अंशाला गोठतच नाही, त्याला आणखी दोन-तीन अंश खाली जावं लागतं. म्हणून नुसत्या बर्फात डबा दिवसभर फिरवला तरी हाती लस्सीच येईल.

हल्ली कुणीतरी यासाठी महागडं गुलाबी मीठ सुचवतं. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, आणि इथं ते शेवटी मोरीत जाणार आहे. पिशवीतलं खडेमीठ घ्या. हां, पोरांना त्या मीठ-बर्फात हात घालू देऊ नका, कातडी भाजल्यासारखी होते.

हँडल सतत फिरवायचं ते डब्याच्या भिंतीवर धरणारे बर्फाचे कण खरवडायला. कण बारीक राहिले तर जिभेला कळत नाहीत, मोठे झाले तर कचकचतात. असा हाताचा पॉट अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन या बाईंनी 1843 मध्ये पेटंट केला. बादलीच्या बाजूचं भोक बुजलं तर खारं पाणी झाकणावरून आत शिरतं. गेल्या वर्षी मी ते बघितलंच नाही, आणि सगळ्या घरानं खारट आइस्क्रीम निमूटपणे खाल्लं.

यंदा भोक मोकळं होतं. शेवटी हँडल जड झालं, मोठ्या भाच्याचाही हात भरून आला. पॉट हलू नये म्हणून वर पोत्याची घडी टाकून धाकटीला बसवलं होतं. थर्मामीटर खाऱ्या पाण्यात बुडवला तर उणे 12. "बघ, बर्फ वितळला तरी," मी म्हणालो. ती म्हणाली, "मामा, बुड गारठलं, उतरू काय?"