हरिकेन आणि ३०३ नंबरची पोलिश स्क्वाड्रन

ब्रिटनच्या लढाईचं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या आकाशात जर्मन विमानांशी झालेल्या लढाईचं नाव निघालं की डोळ्यांसमोर स्पिटफायर हे ब्रिटिश लढाऊ विमान येतं. दिसायला देखणं, म्हणून कौतुकही त्याच्याच वाट्याला आलं. पण १९४० च्या त्या उन्हाळ्यात ब्रिटिश लढाऊ विमानांनी जर्मनांची जितकी विमानं पाडली, त्यांतली निम्म्याहून जास्त हरिकेननं पाडली. सिडनी कॅम यांनी आखलेलं हे विमान ६ नोव्हेंबर १९३५ ला पहिल्यांदा उडालं. पंखांत आठ मशीनगन. मागच्या धडाला धातूच्या नळ्यांचा सांगाडा, वर लाकडी पट्ट्या आणि ताणून बसवलेलं कापड. गोळी आरपार गेली तर बऱ्याचदा ठिगळ लावून काम भागायचं.

२ ऑगस्ट १९४० ला लंडनजवळच्या नॉर्थोल्टला पोलिश वैमानिकांची ३०३ नंबरची स्क्वाड्रन, म्हणजे लढाऊ विमानांची तुकडी, उभी राहिली आणि तिला हरिकेन मिळाली. ही माणसं पोलंड पडल्यावर फ्रान्सला पोचली होती, फ्रान्स पडल्यावर इंग्लंडला. लढाईचा अनुभव दांडगा, तरी ब्रिटिश अधिकाऱ्यांना त्यांचा भरवसा वाटत नव्हता.

अडचण भाषेची होती, तशी हाताच्या सवयीचीही. पोलंडमधल्या त्यांच्या विमानांत वेग वाढवायला थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करणारा दांडा, मागे ओढायचा, हरिकेनमध्ये पुढे ढकलायचा. त्यांच्या जुन्या पी-११ या पोलिश विमानाची चाकं कायम खालीच असायची. इथे उतरताना ती आठवणीनं बाहेर काढावी लागत. वर्षानुवर्षं मुरलेली सवय काही आठवड्यांत मोडायची, तीही समोर शत्रू असताना. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

३० ऑगस्टला सरावाच्या उड्डाणातच लुडविक पाश्किएविचला जर्मन विमानं दिसली. त्यानं रांग सोडली आणि एक पाडलं. दुसऱ्याच दिवसापासून स्क्वाड्रनला लढाईत उतरवलं गेलं. पाश्किएविच २७ सप्टेंबरला मारला गेला. याच स्क्वाड्रनमधला चेक वैमानिक योसेफ फ्रांतिशेक याच्या नावावर १७ विमानं लागली. ८ ऑक्टोबरला त्याचं विमान कोसळलं. स्क्वाड्रनचा दावा १२६ विमानांचा होता. पुढच्या संशोधनात तो आकडा बराच खाली आला, तरी हरिकेनवाल्या स्क्वाड्रनांत ३०३ पहिलीच राहिली. पोलिश वैमानिक नसते तर निकाल हाच लागला असता असं म्हणायला आपण धजणार नाही, अशी कबुली खुद्द फायटर कमांडचे, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या लढाऊ विमानांच्या विभागाचे प्रमुख ह्यू डाउडिंग यांनी दिली.

युद्ध संपलं, पण पोलंड सोव्हिएत वर्चस्वाखाली गेला होता. परतायचं कुठे, हा प्रश्न या वैमानिकांना पडला, तसाच आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहणाऱ्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांनाही. जून १९४६ मध्ये लंडनला विजय संचलन झालं. त्यात चालण्याचं आमंत्रण २५ पोलिश वैमानिकांना होतं. आपल्या बाकीच्या सैन्याला बोलावलं नाही, म्हणून त्यांनी ते नाकारलं.