शिकाऱ्यांचे दबावगट

शिकाऱ्यांचे दबावगट : शिकारीचा हक्क, हंगाम, परवाने, शस्त्रे व काडतुसे आणि वन्यजीव-संरक्षण यांसंबंधीच्या कायद्यांवर आपल्या हिताच्या दृष्टीने प्रभाव पाडण्यासाठी शिकाऱ्यांनी उभारलेल्या संघटना. लोकप्रतिनिधींच्या भेटी घेणे, विधेयकांचे मसुदे पुरविणे, समित्यांपुढे साक्ष देणे, निवडणुकीत पाठिंबा देणे वा काढून घेणे, न्यायालयात दाद मागणे आणि प्रसंगी रस्त्यावर उतरणे हे त्यांचे परिचित मार्ग होत. शिकारबंदीला विरोध करणारे गट अशी त्यांची आजची ओळख असली, तरी त्यांच्या इतिहासाचा पूर्वार्ध याच्या उलट आहे. शिकारीवर निर्बंध घालणारे आरंभीचे अनेक कायदे शिकाऱ्यांच्याच आग्रहामुळे झाले आणि त्यांचा रोख बहुधा दुसऱ्या प्रकारच्या शिकाऱ्यांवर होता. हा अंतर्गत संघर्ष लक्षात घेतल्याशिवाय पुढील काळातील वादांचा नीट उलगडा होत नाही.

उगम : संघटित दबावगटांच्या पूर्वी शिकारीचा हक्क मुख्यत्वे जमीन आणि राजसत्ता यांच्याशी निगडित होता. इंग्लंडमध्ये १२१७ च्या वनसनदेने राजाच्या राखीव वनांतील कठोर नियम सौम्य केले. हरिण मारल्याबद्दल कोणालाही प्राणदंड वा अवयवच्छेदाची शिक्षा होऊ नये, अशी तरतूद तीत होती. १६७१ च्या कायद्याने मात्र शिकारीची मुभा स्वमालकीच्या जमिनीपासून वर्षाला किमान १०० पौंड उत्पन्न असणाऱ्यांपुरती व काही उच्चवर्गीयांपुरती मर्यादित केली. ही अट १८३१ मध्ये रद्द होऊन परवान्याची पद्धत आली. फ्रान्समध्ये सरंजामदारांचा शिकारीचा विशेषाधिकार ऑगस्ट १७८९ मध्ये नष्ट करण्यात आला. शेतात घुसणारी सावजे मारण्याची शेतकऱ्याला मनाई असणे, ही क्रांतिपूर्व तक्रारपत्रांतील एक ठळक तक्रार होती.

शिकारीच्या ‘घटनात्मक हक्का’चा उगम कोठे मानावा, याविषयी मतभेद आहेत. अमेरिकेतील शिकारी संघटना सामान्यतः व्हर्मांटच्या १७७७ च्या राज्यघटनेकडे बोट दाखवितात. रहिवाशांना योग्य हंगामात स्वतःच्या आणि कुंपण नसलेल्या इतर जमिनींवर शिकार करण्याची मोकळीक असेल, असे तिच्यात म्हटले आहे. हे कलम मूळचे व्हर्मांटचे नाही. जवळजवळ हेच शब्द पेनसिल्व्हेनियाच्या १७७६ च्या राज्यघटनेत आढळतात. मात्र तेथे ते १७९० च्या नव्या राज्यघटनेत टिकले नाहीत, तर व्हर्मांटमध्ये ते आजतागायत टिकले. दोन्ही पाठांत एक लक्षणीय फरक आहे : व्हर्मांटच्या कलमाच्या शेवटी विधानसभेने करावयाच्या योग्य नियमांची अट जोडलेली आहे, पेनसिल्व्हेनियाच्या कलमात ती नाही. ही अट केवळ मासेमारीला लागू आहे की शिकारीलाही, हा प्रश्न वाक्यरचनेमुळे खुला राहतो. एका मतानुसार हे कलम म्हणजे शिकार हा व्यक्तीचा नैसर्गिक हक्क असल्याची पहिली घोषणा होय. दुसऱ्या मतानुसार त्याचा रोख १६७१ च्या इंग्रजी कायद्यातील संपत्तीच्या अटीवर होता. म्हणजे शिकार कोणी करावी यावरील वर्गीय बंधन मोडणे हा त्याचा हेतू होता, शिकारीला सर्व नियमनापासून मुक्त करणे हा नव्हे. कलमातील ‘योग्य हंगामात’ हे शब्द आणि कुंपण नसलेल्या जमिनींचा खास उल्लेख पाहता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते.

क्लबांचा काळ : अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून शहरी, सुस्थितीतील शिकाऱ्यांचे क्लब स्थापन होऊ लागले. १८४४ मध्ये स्थापन झालेल्या न्यूयॉर्क येथील क्लबाने शिकारविषयक नमुना-कायद्याचा मसुदा तयार करून तो स्थानिक शासनसंस्थांकडून मान्य करून घेण्याचा प्रयत्न केला. शिकाऱ्यांनी कायद्याचा मसुदा हाती घेऊन केलेल्या पाठपुराव्याचे हे बहुधा सर्वांत जुने सुस्पष्ट उदाहरण असावे. थिओडोर रूझवेल्ट, जॉर्ज बर्ड ग्रिनेल आदींनी १८८७ मध्ये स्थापिलेला बून अँड क्रॉकेट क्लब हा यांतील सर्वाधिक प्रभावी ठरला. या क्लबांचा मुख्य प्रतिस्पर्धी प्राणिमित्र नव्हता, तर बाजारी शिकारी होता. रेल्वे आणि बर्फाच्या साहाय्याने बदके, कबुतरे व हरणांचे मांस दूरच्या शहरांत विकणाऱ्या या व्यावसायिकांनी सावजांचे साठे झपाट्याने रिते केले होते. आयोवाचे प्रतिनिधी जॉन लेसी यांच्या पुढाकाराने झालेल्या १९०० च्या लेसी कायद्याने एका राज्यात बेकायदा मारलेल्या सावजाची दुसऱ्या राज्यात वाहतूक करणे हा संघीय गुन्हा ठरविला, आणि बाजारी शिकारीचा कणा त्यामुळे मोडू लागला.

या चळवळीच्या हेतूंविषयी अभ्यासकांत दोन तट आहेत. १९७० च्या दशकापासून मांडल्या गेलेल्या एका मतानुसार अमेरिकी निसर्गसंरक्षणाचे खरे प्रवर्तक हौशी शिकारीच होत. नंतरच्या सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांनी याला मुरड घातली. त्यांच्या मते, हंगाम व परवान्यांच्या नावाखाली पोटासाठी शिकार करणारे ग्रामीण गरीब, स्थलांतरित मजूर आणि मूलनिवासी यांना जंगलातून दूर सारले गेले. या दोन्ही मतांत तथ्य आहे. परंतु कायद्यांनी सावजे वाचली, हे मान्य केले तरी त्यांचा भार कोणावर पडला, हा प्रश्न पुष्कळ काळ विचारलाच गेला नाही, हे नमूद करणे आवश्यक आहे.

करातून आलेले बळ : अमेरिकेतील शिकारी संघटनांच्या प्रभावाचे रहस्य त्यांच्या सदस्यसंख्येपेक्षा अर्थव्यवस्थेत आहे. १९३४ च्या कायद्यान्वये पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी संघीय तिकीट (टपालतिकिटासारखा मुद्रांक) बंधनकारक झाले. पहिल्या वर्षी त्याची किंमत एक डॉलर होती. चित्र व्यंगचित्रकार जे. एन. ‘डिंग’ डार्लिंग यांचे होते आणि तेच त्या वेळी संघीय जीवसर्वेक्षण विभागाचे प्रमुख होते. छापील तिकीट शिकाऱ्याने त्यावर शाईने आडवी सही केल्यावरच शिकारीसाठी वैध ठरते; २०२३ च्या कायद्यापासून मात्र इलेक्ट्रॉनिक तिकीटही संपूर्ण हंगामभर चालते. या पैशातून पाणथळ जागा विकत घेतल्या जातात.

याहून दूरगामी ठरला तो २ सप्टेंबर १९३७ चा पिटमन–रॉबर्टसन कायदा. त्याची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. बंदुका व काडतुसांवरील अबकारी कर सर्वसाधारण तिजोरीत न जाता राज्यांच्या वन्यजीवविषयक कामांसाठी राखून ठेवला जातो. लांब बंदुका व काडतुसांवर त्याचा दर ११ टक्के, तर पिस्तुलांवर १० टक्के आहे. हा कर दुकानदाराकडून नव्हे, तर उत्पादक वा आयातदाराकडून वसूल होतो. निधीच्या वाटपात निम्मा वाटा राज्याच्या क्षेत्रफळावर आणि निम्मा त्या राज्यातील परवानाधारक शिकाऱ्यांच्या संख्येवर ठरतो. मंजूर कामाच्या खर्चापैकी कमाल ७५ टक्के रक्कम संघशासन देते, उरलेली राज्याने उभारावयाची असते. सर्वांत निर्णायक तरतूद मात्र वेगळीच आहे. शिकार-परवान्यांचे शुल्क वन्यजीव विभागाखेरीज अन्यत्र वळविणार नाही, असा कायदा करणाऱ्या राज्यालाच हा निधी मिळतो. व्हर्जिनियाचे प्रतिनिधी ए. विलिस रॉबर्टसन यांच्या आग्रहावरून ही अट आली; ते पूर्वी आपल्या राज्याच्या शिकार-आयोगाचे अध्यक्ष होते आणि परवान्यांचा पैसा रस्ते वा इतर खात्यांकडे कसा वळतो, याची त्यांना जाण होती.

या रचनेचे दोन परिणाम झाले. शिकाऱ्यांचा पैसा अधिवासांच्या पुनर्वसनाला लागला आणि रानटर्की, पांढऱ्या शेपटीचे हरिण, वापिटी (एक मोठे हरिण) यांसारख्या सावजांची संख्या पुन्हा वाढली, हे निर्विवाद आहे. त्याचबरोबर राज्याचा वाटा परवान्यांच्या संख्येशी जोडला गेल्याने शिकाऱ्यांची संख्या टिकविणे ही वन्यजीव विभागाचीच गरज बनली. ज्या प्राण्यांची शिकार होत नाही, त्यांच्याकडे तुलनेने कमी निधी वळतो, ही टीकाही रास्त आहे. शिवाय कर भरणाऱ्यांपैकी अनेकजण कधीच शिकारीला न जाणारे बंदूकधारक असतात. त्यामुळे ‘संरक्षणाचा खर्च आम्हीच करतो’ हा शिकारी संघटनांचा युक्तिवाद पूर्वीइतका नेमका राहिलेला नाही.

घटनादुरुस्त्यांची लाट : व्हर्मांटनंतर शिकारीच्या हक्काला राज्यघटनेत स्थान देण्याची कल्पना दोन शतके जवळजवळ निद्रिस्त होती. तिला जाग आली ती मतपत्रिकेवरील लोकप्रस्तावांमुळे, म्हणजे नागरिकांनी थेट मतदानासाठी मांडलेल्या कायद्यांमुळे. कॅलिफोर्नियात १९९० मध्ये पहाडी सिंहाच्या (प्यूमाच्या) हौशी शिकारीवर, तर ओरेगनमध्ये १९९४ मध्ये अस्वलांना आमिष लावून मारण्यावर आणि कुत्र्यांच्या साहाय्याने पहाडी सिंह मारण्यावर मतदारांनी थेट बंदी घातली. विधिमंडळात वजन असलेल्या संघटनांना शहरी मतदारांपुढे हार पत्करावी लागली, तेव्हा त्यांनी आपले लक्ष राज्यघटनेकडे वळविले. अलाबामाने १९९६ मध्ये अशी दुरुस्ती स्वीकारली. नंतर मिनेसोटा, व्हर्जिनिया, नॉर्थ डकोटा इत्यादी राज्ये आली, आणि २०२४ मध्ये फ्लोरिडाच्या मतदारांनीही तिला मान्यता दिली. युटा राज्याने १९९८ मध्ये वेगळा उपाय योजला : वन्यजीवविषयक लोकप्रस्ताव संमत होण्यास दोनतृतीयांश मते लागतील, असे राज्यघटनेतच घातले. ॲरिझोनाच्या मतदारांनी मात्र २०१० मध्ये असा प्रस्ताव फेटाळला. अनेक दुरुस्त्यांत शिकार हे वन्यजीव-व्यवस्थापनाचे ‘पसंतीचे साधन’ असल्याचे म्हटले आहे. या शब्दांचा न्यायालयीन अर्थ अद्याप पुरेसा कसाला लागलेला नाही. हंगाम व संख्यामर्यादा ठरविण्याचा राज्याचा अधिकार मात्र बहुतेक ठिकाणी स्पष्टपणे राखून ठेवला आहे.

संघीय पातळीवर १९८९ पासून शिकार व मासेमारीच्या समर्थक सदस्यांचा सर्वपक्षीय गट काँग्रेसमध्ये कार्यरत आहे. संरक्षित प्रजातींच्या यादीविषयीचे वाद आता विधिमंडळापर्यंत पोहोचतात. २०११ मध्ये उत्तर रॉकी पर्वतप्रदेशातील लांडग्यांचे संघीय संरक्षण अर्थसंकल्पीय विधेयकाला जोडलेल्या एका कलमाने काढून घेण्यात आले.

ब्रिटन : येथील वाद सावजांच्या संख्येपेक्षा क्रौर्य आणि ग्रामीण जीवनपद्धती यांभोवती फिरला. कुत्र्यांच्या साहाय्याने होणाऱ्या खोकडांच्या शिकारीवर बंदी येण्याची चिन्हे दिसू लागताच १९९७ मध्ये कंट्रीसाइड अलायन्स ही संघटना स्थापन झाली. २२ सप्टेंबर २००२ रोजी तिने लंडनमध्ये काढलेल्या मोर्चात सुमारे चार लाख लोक सहभागी झाले. तरीही लॉर्ड्‌स सभागृहाचा विरोध संसद-कायद्यांच्या (वरिष्ठ सभागृहाच्या संमतीविना विधेयक संमत करण्याची मुभा देणाऱ्या कायद्यांच्या) आधारे बाजूला सारून २००४ चा शिकार कायदा संमत झाला आणि १८ फेब्रुवारी २००५ पासून इंग्लंड व वेल्समध्ये तो अंमलात आला. त्याच्या वैधतेला दिलेले आव्हान त्याच वर्षी फेटाळले गेले. स्कॉटलंडने याआधी, २००२ मध्येच, स्वतंत्र कायदा केला होता.

यूरोपीय खंड : फ्रान्समध्ये शिकाऱ्यांनी थेट राजकीय पक्षच काढला. शिकार, मासेमारी, निसर्ग व परंपरा या नावाच्या या पक्षाने १९९९ च्या यूरोपीय निवडणुकीत सहा जागा जिंकल्या. स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीचे हंगाम आखडणारा १९७९ चा यूरोपीय पक्षी-निर्देश हे त्याचे मुख्य लक्ष्य होते. शिकारीला तत्त्वतः विरोध असणाऱ्या लहान जमीनमालकांनाही स्थानिक शिकारी-संघाला जमीन खुली करावी लागे. ही सक्ती मानवी हक्कांच्या यूरोपीय न्यायालयाने १९९९ मध्ये शासानू खटल्यात हक्कभंग ठरविली. ऑगस्ट २०१८ मध्ये राष्ट्रीय परवान्याचे शुल्क ४०० वरून २०० यूरोवर आणण्याचा निर्णय झाला. त्यासंबंधीच्या बैठकीत शिकाऱ्यांच्या बाजूचा एक सल्लागार निमंत्रणाविना हजर असल्याचे दुसऱ्याच दिवशी रेडिओवर सांगत पर्यावरणमंत्री निकोला उलो यांनी राजीनामा जाहीर केला. तोच एकमेव मुद्दा नसला, तरी सत्तेतील दबावगटांच्या वावराचे लक्षण म्हणून त्यांनी तो मांडला. माल्टात वसंतऋतूतील पक्षी-शिकार चालू ठेवण्याच्या बाजूने २०१५ च्या सार्वमतात जेमतेम ५०.४ टक्के मते पडली. पाणथळ जागांत शिशाचे छर्रे वापरण्यावर यूरोपीय संघात फेब्रुवारी २०२३ पासून बंदी आहे. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीपुरती ती १९९१ पासूनच देशभर लागू झाली होती.

आफ्रिका : केन्याने १९७७ मध्ये हौशी शिकार बंद केली. बोत्स्वानाने २०१४ मध्ये घातलेली बंदी २०१९ मध्ये उठविली. येथील शिकारविषयक धोरणांवर परदेशी शिकारी संघटना व परदेशी प्राणिमित्र या दोहोंचा दबाव असतो. शिकारचिन्हांच्या (मारलेल्या प्राण्यांची शिंगे, कातडी इत्यादींच्या) आयातीला मनाई करणारे विधेयक ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहाने २०२३ मध्ये संमत केले, पण ते लॉर्ड्‌समध्ये वेळेअभावी बारगळले.

पारंपरिक शिकारी व भारत : उपजीविकेसाठी शिकार करणाऱ्या समूहांना कायद्यात स्थान मिळाले ते निराळ्या वाटेने. अलास्कात १९८० च्या संघीय कायद्याने ग्रामीण रहिवाशांच्या निर्वाहासाठीच्या शिकारीला अग्रक्रम दिला, तर सीलच्या उत्पादनांवरील २००९ च्या यूरोपीय बंदीतून इन्युइट लोकांची पारंपरिक शिकार वगळली गेली. भारतात १८७७ मध्ये नीलगिरीत स्थापन झालेल्या शिकाऱ्यांच्या मंडळापाठोपाठ १८७९ चा नीलगिरी शिकार व मत्स्य संरक्षण कायदा आला; वासाहतिक काळातील क्लबांचा हा प्रभाव अमेरिकी नमुन्याशी जुळणारा होता. स्वातंत्र्यानंतर १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात मुळात शिकारीच्या परवान्यांची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली आणि हौशी शिकाऱ्याला कायद्यात जागा उरली नाही. नीलगाय व रानडुकरे मारू देण्याची मागणी आज शेतकरी करतात, आणि तिचा मार्ग केंद्रशासनाने विशिष्ट प्राणी विशिष्ट क्षेत्रात ठराविक काळासाठी उपद्रवी ठरविण्याच्या कलम ६२ मधून जातो. ज्यांचे जगणेच शिकारीवर होते, त्या पारधी व अन्य जमातींचा आवाज या साऱ्या प्रवासात कोठेच उमटलेला दिसत नाही. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासींच्या हक्कांना मान्यता देणाऱ्या २००६ च्या कायद्यातील कलम ३(१)(ठ) इतर सर्व रूढ पारंपरिक हक्क मान्य करते, पण वन्यप्राण्याची शिकार करणे, त्याला सापळ्यात पकडणे वा त्याच्या शरीराचा भाग काढणे यांचा पारंपरिक हक्क त्याच वाक्यात वगळते.