लॅव्हेंडर कुंडीत का मरतं आणि कपाटात कितपत कामाला येतं

नर्सरीतून लॅव्हेंडरचं रोप आणायचं, थोडे दिवस त्याचं कौतुक करायचं, फोटो टाकायचे, आणि मग खालची पानं काळी पडायला लागली की "आपल्याकडचं ऊन सोसत नाही हो याला" म्हणून कुंडी रिकामी करायची, पुण्या-मुंबईत हे घरोघरी चालतं. ऊन बिचारं फुकट बदनाम होतं. लॅव्हेंडर मूळचं भूमध्य समुद्राच्या आसपासच्या चुनखडीच्या, दगडगोट्यांच्या उतारांवरचं झाड आहे. तिथे उन्हाळा ठणठणीत कोरडा आणि पाऊस पडतो तो थंडीत, म्हणजे आपल्या बरोब्बर उलट. गरमही आहे आणि दमटही आहे हा जो आपला जून ते सप्टेंबरचा मामला आहे ना, त्याची या झाडाला सवयच नाही. माती ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही, त्यात बुरशीसारखे जीव शिरतात आणि मुळं कुजतात. वर गंमत अशी की मुळं कुजलेलं झाड अगदी पाणी कमी पडल्यासारखंच मान टाकतं, मग आपण दया येऊन अजून एक तांब्या ओततो आणि विषय संपतो.

त्यामुळे कुंडी मातीचीच घ्या, खाली भोकं मोठी हवीत, आणि बशी ठेवायची असेल तर लॅव्हेंडर आणूच नका. मातीत निम्म्याच्या आसपास जाड वाळू, बारीक खडी किंवा परलाइट (नर्सरीत मिळणारे हलके, सच्छिद्र पांढरे खडे), कंपोस्ट नावाला. माती आंबट नको, पीएच ७ च्या थोडा इकडेतिकडे चालतो, आणि पाणी धरून ठेवणाऱ्या कोकोपीटने भरलेली मऊमऊ कुंडी याच्यासाठी चुकीची. दिवसाला ६ तास तरी थेट ऊन, आणि बोट दोन पेरं आत घालून कोरडं लागलं तरच पाणी. पावसाळ्यात छपराखाली पण वारा खेळेल अशा जागी. खतं घालून लाड केले तर पालाच वाढतो, फुलं कमी येतात. फुलं संपली की हिरव्या भागातच छाटायचं, खालच्या तपकिरी लाकडापर्यंत गेलात तर तिथून बहुतेक वेळा पुन्हा फुटत नाही.

आता कुठलं लावायचं. खरं सुगंधी म्हणतात ते लॅव्हेंड्युला अँगुस्टिफोलिया, इंग्लिश लॅव्हेंडर म्हणून विकतात, ते इंग्लंडचं नसलं तरी. याला नीट फुलायला कडक थंडी लागते आणि ती आपल्या बाल्कनीत मिळणार नाही. ती जिथे मिळते तिथे भारतात याची चांगली शेती होते. जम्मूतल्या डोडा जिल्ह्यात भदरवाह म्हणून गाव आहे, उंची पाच हजार फुटांच्या वर, तिथल्या शेतकऱ्यांना सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेच्या जम्मूच्या संस्थेने अरोमा मिशन या सुगंधी पिकांच्या योजनेत रोपं दिली, मक्याच्या शेतांत जांभळे पट्टे दिसायला लागले आणि त्याला पर्पल रेव्होल्यूशन असं नाव पडलं. २०२२ मध्ये तिथे लॅव्हेंडर फेस्टिव्हलही झाला. उतार, कोरडी माती, बर्फाळ हिवाळा, झाडाला जे हवं ते सगळं तिथे आयतं आहे.

आपल्यासाठी दातेरी पानांचं डेंटाटा किंवा नेच्यासारख्या पानांचं मल्टिफिडा बरं, दोन्ही थंडीशिवाय फुलतात. डेंटाटाचा वास मात्र थोडा कापराकडे झुकणारा. आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, पण सह्याद्रीत आपली स्वतःची रानटी लॅव्हेंडरं आहेत, बायपिन्नाटा आणि गिब्सनाय. यातलं गिब्सनाय तर पश्चिम घाटातलंच. नर्सरीवाल्यांनी यांच्याकडे अजून बघितलेलं दिसत नाही, जरा बघायला हवं असं मला वाटतं.

वासाकडे येऊ. फुलाचा एक दांडा हातात घेऊन डोळ्याजवळ धरा, शक्य असेल तर भिंगातून बघा. जांभळी पाकळी ज्या नळीतून बाहेर येते ती करडी-निळसर, उभ्या रेघांची नळी म्हणजे निदलपुंज. त्या रेघांच्या मधल्या खाचांत बारीक केसांचं जंगल असतं आणि केसांच्या बुडाशी चमकणारे इवलेसे गोळे. ते तेलाचे. नखाने हलकं घासलं की फुटतात आणि वास एकदम अंगावर येतो. म्हणजे बहुतेक सगळा सुगंध पाकळीत नाहीच, म्हणूनच पाकळ्या सुकून गळाल्या तरी वाळलेल्या कळ्या महिनोन् महिने वास देतात. अशी १०० किलो ताजी फुलं वाफेवर उकळली की तेल मिळतं साधारण १ लिटर, महाग का ते यावरून कळावं.

त्या तेलात मुख्य दोन गोष्टी, लिनालूल आणि लिनालिल असिटेट. लिनालूल काही परकं नाही, आपल्या धण्याच्या तेलातही सगळ्यात जास्त तेच असतं. झाडाला याचा उपयोग किड्यांना लांब ठेवायला होतो, आपल्या उशीसाठी त्याने ते बनवलेलं नाही. तरी उशीजवळ लॅव्हेंडर ठेवलं की मन शांत होऊन झोप लागते हा दावा अगदीच हवेतला नाही. जपानमधल्या कागोशिमा विद्यापीठात २०१८ मध्ये उंदरांना लिनालूलचा वास दिला तर त्यांची भीती कमी झाली, आणि ज्यांची वास घेण्याची क्षमताच काढून घेतली होती त्यांच्यावर काही परिणाम नाही. म्हणजे ते रक्तातून नाही तर नाकातून काम करत होतं. उंदीर म्हणजे माणूस नव्हे हे खरं, पण झोपताना वाळलेल्या कळ्यांची पुरचुंडी उशीजवळ ठेवायला काय हरकत आहे, गोळ्या मात्र त्या भरवशावर बंद करू नका.

कपाटात कळ्यांची सुती पुरचुंडी ठेवली की लोकरीच्या कपड्यांपासून कसर लांब राहते म्हणतात. थोडी राहते. पण आधीच घातलेली अंडी याने मरत नाहीत, त्यामुळे स्वेटर आधी धुऊन, कडक उन्हात टाकून, झटकून मगच ठेवायचा. डांबरगोळीच्या वासापेक्षा हा वास कितीतरी सुसह्य, माझ्यासाठी तेवढं कारण पुरेसं आहे. वास मंदावला की पुरचुंडी चुरगाळायची, राहिलेले गोळे फुटतात. डासांचं म्हणाल तर तेल लावल्यावर थोडा वेळ फरक पडतो आणि मग ते उडून जातं, डेंग्यूच्या सीझनला यावर विसंबू नका. चहात, बिस्किटात घालायच्या तर अँगुस्टिफोलियाच्याच कळ्या, त्याही चिमूटभर, नाहीतर साबण खाल्ल्यासारखं लागतं. बाटलीतलं तेल पोटात घ्यायचं नाही, आणि त्वचेवर थेट न लावता खोबरेल किंवा बदामाच्या तेलात एखाद-दुसरा थेंब. घरात मांजर असेल तर तेलाचा वास हवेत पसरवणारा डिफ्युझर नकोच, मांजरीच्या लिव्हरला असली द्रव्यं नीट निकामी करता येत नाहीत.

तेल विकत घेताना लेबलवर शास्त्रीय नाव बघा. लॅव्हेंडिन लिहिलेलं असेल तर ते संकरित झाड, फ्रान्सच्या फोटोंमधली मोठमोठी शेतं बरीचशी याचीच, तेल जास्त देतं म्हणून स्वस्त आणि कापूरही जास्त. लादी पुसायच्या पाण्यात टाकायला मस्त, उशीला नको. आणि बाटली छोटी घ्या, गडद काचेची, झाकण घट्ट, कारण हवा लागून लिनालूल बदलतं आणि त्यातून जे तयार होतं त्याने काहींना पुरळ येतं. दोन-तीन वर्षांपूर्वीची उघडी बाटली ड्रॉवरमध्ये पडलेली असेल तर ती अंगाला लावायची नाही.