संशोधन अधिछात्रवृत्ती आणि संशोधन अनुदान

पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्याला निर्वाहासाठी दरमहा मिळणारी रक्कम म्हणजे संशोधन अधिछात्रवृत्ती. बोलीभाषेत तिला ‘फेलोशिप’ म्हणतात. प्राध्यापकाला ठराविक प्रकल्पासाठी उपकरणे, रसायने, क्षेत्रभेटी, पुस्तके आणि मदतनीस यांच्या खर्चापोटी मिळणारा निधी म्हणजे संशोधन अनुदान. हिशेबात दोन्ही वेगळी असली तरी दोन्हींनी विकत घेतली जाते ती एकच गोष्ट, वेळ. शिकवण्या, तासिका तत्त्वावरची नोकरी किंवा शेतीची कामे बाजूला ठेवून एकाच प्रश्नाशी काही वर्षे बसता यावे, एवढ्यासाठी हा पैसा असतो. म्हणून त्याचे मोल रकमेबरोबरच तो किती वर्षे मिळतो आणि कोणत्या तारखेला खात्यावर येतो यावरही ठरते.

महाराष्ट्रात या प्रथेचे एक मूळ पेशवाईतील ‘दक्षिणा’ या दानाच्या रिवाजात सापडते. खंडेराव दाभाडे यांनी तळेगावला श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा देण्याचा रिवाज सुरू केला. पुढे पेशव्यांनी तो पुण्यात चालवला आणि पर्वतीच्या पायथ्याशी रमणा नावाच्या आवारात दक्षिणा वाटली जाऊ लागली. १८१८ नंतर इंग्रजांनी ही रक्कम कमी केली, पण बंद केली नाही. तिच्यातूनच १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उभी राहिली. दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथलेखनाकडे वळवावा, अशी मागणी लोकहितवादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली, तेव्हा सनातनी मंडळी खवळली. तरीही १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. उरलेल्या निधीतून महाविद्यालयांत ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि महादेव गोविंद रानडे हे दोघेही तरुणपणी दक्षिणा फेलो होते. इरावती कर्वे १९२६ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाल्या आणि याच फेलोशिपच्या आधारावर मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्राकडे वळल्या. मराठी समाजाच्या अभ्यासाला त्यांनी पुढे जे दिले, त्याच्या आरंभी रमण्यातली दक्षिणा होती, हा योग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

मात्र हा निधी जन्माला आला तो एकाच जातीसाठी. दुसरी वाट बडोद्याहून निघाली. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाड यांनी भीमराव आंबेडकर यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. परतल्यावर बडोदे संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याची अट करारात होती. न्यूयॉर्कहून ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. १९२० मध्ये स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये त्यांना डी.एस्‌सी. मिळाली. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा कोलंबियातील प्रबंध १९२५ मध्ये पुस्तकरूपाने निघाला, तो सयाजीरावांना अर्पण केलेला आहे. शिष्यवृत्ती मिळाल्याने काय घडते आणि ती मध्येच संपल्याने काय अडते, हे दोन्ही या एकाच चरित्रात दिसते. आज महाराष्ट्र शासनाची परदेशी शिक्षणासाठीची शिष्यवृत्ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने ओळखली जाते आणि अनुसूचित जातींतील ७५ विद्यार्थ्यांना दरवर्षी तिचा लाभ देण्याची तरतूद आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात हे काम प्रामुख्याने केंद्रीय संस्थांकडे आले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद (सीएसआयआर) १९४२ पासून होतीच. विद्यापीठ अनुदान आयोग (यूजीसी) १९५३ मध्ये सुरू झाला आणि १९५६ च्या कायद्याने त्याला वैधानिक रूप मिळाले. समाजविज्ञानांसाठी १९६९ मध्ये आयसीएसएसआर आणि इतिहासासाठी १९७२ मध्ये आयसीएचआर स्थापन झाली. यांपैकी मराठी विद्यार्थ्याच्या तोंडी सर्वाधिक असलेला शब्द ‘जेआरएफ’, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती. ती मिळते राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून, म्हणजे नेटमधून. ‘नेट निघाली’ आणि ‘जेआरएफ निघाली’ या दोन वाक्यांत फार मोठे अंतर आहे. पहिल्याने सहायक प्राध्यापकपदाची पात्रता मिळते, दुसऱ्याने पाच वर्षांचा निर्वाह. राज्याची सेट परीक्षा उत्तीर्ण झाल्यास पात्रता मिळते, पण फेलोशिप मिळत नाही.

जेआरएफ पहिली दोन वर्षे असते. त्यानंतर समितीपुढे कामाचा आढावा होतो आणि ती वरिष्ठ अधिछात्रवृत्तीत, म्हणजे एसआरएफमध्ये बदलते. प्रबंध सादर होईपर्यंत किंवा एकूण पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत, जे आधी घडेल तोवर ती चालते. २०१९ मध्ये जेआरएफ दरमहा ३१,००० आणि एसआरएफ ३५,००० रुपये होती. १ जानेवारी २०२३ पासून हे दर अनुक्रमे ३७,००० आणि ४२,००० झाले. शिवाय वसतिगृह मिळाले नाही, तर शहराच्या वर्गानुसार घरभाडे भत्ता मिळतो आणि दरवर्षी आकस्मिक खर्चाची, विद्यार्थ्यांच्या भाषेत ‘कंटिन्जन्सी’ची, रक्कम मिळते. सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांसाठी यूजीसीची ही रक्कम पहिल्या दोन वर्षांत १०,००० आणि पुढे २०,५०० रुपये ठरलेली आहे. मराठवाड्यातील लोकगीते ध्वनिमुद्रित करत गावोगाव फिरणाऱ्याला किंवा दफ्तरखान्यातील मोडी कागदांच्या प्रती काढणाऱ्याला ती अपुरी पडते.

नियमांत न दिसणारी अडचण वाटपात असते. यूजीसीची फेलोशिप बँकेच्या पोर्टलमार्फत थेट खात्यात जमा होते, पण त्यासाठी विद्यार्थ्याची हजेरी आणि काम यांची पुष्टी विद्यापीठाने दर महिन्याला पोर्टलवर नोंदवावी लागते. गाईडची सही, विभागप्रमुखाची सही, मग विद्यापीठाच्या कार्यालयातील नोंद, अशी ही साखळी आहे. तिची एक कडी अडली की त्या महिन्याचे पैसे अडतात. खोलीचे भाडे आणि मेसचे बिल मात्र दर महिन्याला भरावेच लागते. घरून पैसे मागवू शकणाऱ्याला तीन महिन्यांचा उशीर सोसतो. घरी पैसे पाठवणाऱ्याला तो सोसत नाही, आणि फेलोशिपवर घर चालवणारे संशोधक महाराष्ट्रातील विद्यापीठांत थोडेथोडके नाहीत.

केंद्राच्या काही योजना विशिष्ट समाजगटांसाठी आहेत. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्गीय यांच्यासाठी वेगवेगळ्या राष्ट्रीय अधिछात्रवृत्त्या आहेत. एकुलत्या एक मुलीसाठीची अधिछात्रवृत्ती सावित्रीबाई जोतिराव फुले यांच्या नावाने दिली जाते. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती २०२२-२३ पासून बंद करण्यात आली. तिचे लाभार्थी इतर योजनांतही येतात, हे त्याचे सरकारी कारण होते. आयआयटी, आयसरसारख्या संस्थांतील निवडक संशोधकांसाठीची पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्ती २०१८ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली. तिची सुरुवात दरमहा ७०,००० रुपयांपासून होते आणि शेवटच्या दोन वर्षांत ती ८०,००० होते. राज्य विद्यापीठात संशोधन करणाऱ्याच्या जेआरएफपेक्षा ही रक्कम जवळपास दुप्पट आहे.

महाराष्ट्राने आपली स्वतंत्र व्यवस्था उभारली, ही या विषयातली मोठी घडामोड आहे. अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, मराठा व कुणबी समाजासाठी २०१८ मध्ये स्थापन झालेली सारथी, इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था यांच्यामार्फत राज्य शासन अधिछात्रवृत्ती देते. दर यूजीसीच्या धर्तीवर असतात. नेट-जेआरएफ न निघालेल्या, बहुधा ग्रामीण महाविद्यालयांतून आलेल्या आणि मराठीत प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना या संस्थांनी संशोधनाचे दार उघडून दिले. त्यांच्यातील अनेकजण घरातले पहिले पदवीधर असतात.

अर्ज वाढले तसा जागांचा प्रश्न तीव्र झाला. सगळ्या पात्र अर्जदारांना सरसकट अधिछात्रवृत्ती मिळावी, यासाठी विद्यार्थ्यांनी पुण्यात आणि मुंबईच्या आझाद मैदानावर दीर्घ आंदोलने केली. २०२३ मध्ये शासनाने बार्टी, सारथी आणि महाज्योती यांच्यासाठी प्रत्येकी २०० जागांची मर्यादा घातली आणि सामायिक चाळणी परीक्षा ठेवली. २४ डिसेंबर २०२३ च्या त्या परीक्षेत २०१९ च्या सेटचीच प्रश्नपत्रिका आल्याचे उघड झाले, म्हणून ती १० जानेवारी २०२४ रोजी पुन्हा घेण्यात आली. पीएचडीला नोंदणी होऊन दीड-दोन वर्षे झालेली मुले या काळात निकालाची वाट पाहत होती. निवडीचे निकष कडक असावेत की सैल, यावर मतभेद असू शकतात, पण नोंदणीनंतर इतका काळ निर्णयच न होणे हे संशोधनाचे सरळ नुकसान आहे, कारण पीएचडीच्या सहा वर्षांच्या कमाल मुदतीतून तो काळ वजा होतो.

प्राध्यापकांच्या अनुदानाची कथा शांत, पण तितकीच महत्त्वाची आहे. बाराव्या पंचवार्षिक योजनेपर्यंत यूजीसीचे ‘मायनर’ आणि ‘मेजर’ संशोधन प्रकल्प असत. मायनर प्रकल्पांचे काम पुण्यातील पश्चिम विभागीय कार्यालय पाहत असे. तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात एखादा सूक्ष्मदर्शक किंवा संगणक या पैशातून आला आणि अनेक अध्यापकांनी आपल्या परिसरातील वनस्पती, बोली, बाजार यांवर पहिल्यांदा लिहिले. रक्कम लहान होती, पण ती जिथे दुसरे काहीच पोहोचत नव्हते तिथे पोहोचत होती. २०२२ मध्ये यूजीसीने नवनियुक्त आणि सेवेतील अध्यापकांसाठी दोन वर्षांकरता १० लाख रुपयांपर्यंतची अनुदाने जाहीर केली, पण त्यांच्या जागा देशभर मिळून काही शेच आहेत.

विज्ञान-तंत्रज्ञानातील मोठी अनुदाने २००८ च्या कायद्याने स्थापन झालेले विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ (सर्ब) देत असे. त्याची जागा २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने घेतली. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभे करण्याचे त्याचे उद्दिष्ट असून त्यातील १४,००० कोटी केंद्र सरकारचे आणि बाकीचे प्रामुख्याने उद्योग, देणगीदार अशा बिगरसरकारी स्रोतांतून यावेत, अशी कल्पना आहे. राज्य विद्यापीठांना नामांकित संस्थांशी जोडणारी ‘पेअर’ ही योजना त्याच फाउंडेशनची. राज्य पातळीवर राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग अनुदान देतो. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठातील विज्ञान व तंत्रज्ञान संसाधन केंद्र त्याच्याच साहाय्याने उभे राहिले.

अनुदान मंजूर झाल्यावर प्राध्यापकाचा बराच काळ कागदपत्रांत जातो. दरपत्रके मागवणे, खरेदी समितीची बैठक, लेखापरीक्षण आणि शेवटी विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे ‘यूसी’. मागच्या हप्त्याचे यूसी गेल्याशिवाय पुढचा हप्ता येत नाही. हप्ता फेब्रुवारीत आला, तर तो मार्चअखेर खर्च करण्याची घाई होते आणि प्रकल्पावर नेमलेल्या सहायकाचा पगार पुढच्या वर्षाच्या पहिल्या हप्त्यापर्यंत थांबतो.